मद्रासी म्हणे!

परवा घरच्या कार्यात आमच्या काकांनी गुंटूरच्या पाहुण्यांची ओळख "हे आमचे मद्रासी मित्र" अशी करून दिली. पाहुणे बिचारे हसले. मी नंतर टोकलं, तर म्हणे, "खाली सगळे सारखेच रे!" (काका, हे तुम्ही वाचणार, माहीत आहे मला.)

अहो, मद्रास प्रांतातून वेगळं तेलुगू राज्य हवं म्हणून पोट्टी श्रीरामुलू मद्रासमध्येच उपोषणाला बसले आणि १५ डिसेंबर १९५२ला त्यातच गेले. १ ऑक्टोबर १९५३ला आंध्र राज्य झालं. राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला तो त्यानंतर. म्हणजे ज्या भाषावार राज्यांच्या तत्त्वावर आपण संयुक्त महाराष्ट्र मागितला, त्याची पहिली किंमत या लोकांनी मोजली. आणि त्यांनाच मद्रासी? १९६०पर्यंत गुजरात आणि आपण एकाच मुंबई राज्यात होतो, म्हणून कुणी काकांना 'गुजराती' म्हटलं तर चालेल?

बरं, हे लोक मूठभरही नाहीत. २०११च्या जनगणनेत मराठी भाषिक ८.३ कोटी, तेलुगू ८.१ कोटी. सोलापुरात चादरी विणणाऱ्या पद्मशाली घरांत पिढ्यान्‌पिढ्या तेलुगूच बोलतात. तेही 'खालचे' का?

आणि हो काका, 'तेलगू' नाही. तेलुगू.