पतीचा मृत्यु आणि पत्नीचा परवाना

अमेरिकेंत नोकरीस असलेल्या भारतीय तरुणाची पत्नी तेथील कायद्याच्या दृष्टीनें कोण असते, याचा विचार आपल्याकडे लग्न ठरवितांना क्वचितच होतो. वराचा पगार विचारतात, पत्रिका तर पाहतातच. परंतु मुलगी त्या देशांत कोणत्या हक्कानें राहणार, हें विचारणारा वधूपिता आमच्या पाहण्यांत विरळा.

हा प्रश्न किती निकराचा आहे, हें २०१७ सालीं दिसून आलें. हैदराबादचे श्रीनिवास कुचिभोतला २००५ सालीं शिक्षणासाठीं अमेरिकेस गेले व तेथेंच इंजिनियर म्हणून नोकरीस लागले. २०१२ सालीं सुनयना दुमाला यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पुढें कॅन्सस राज्यांतील ओलेथा शहरीं या जोडप्यानें घर केलें. २२ फेब्रुवारी २०१७ रोजीं सायंकाळीं श्रीनिवास आपल्या मित्रासह एका उपाहारगृहांत बसले असतां एका गोऱ्या इसमानें, देशांतून चालते व्हा असें दरडावून, दोघांवर गोळ्या झाडल्या. श्रीनिवास वयाच्या ३२ व्या वर्षीं गेले. मित्र जखमी झाला. इयन ग्रिलट नांवाचा अमेरिकन तरुण त्यांच्यासाठीं धांवून गेला, त्यासही गोळी लागली. एकाच्या अपराधाचा दोष साऱ्या राष्ट्रास देणाऱ्यांनीं हें नांव विसरूं नये. मारेकऱ्यास २०१८ सालीं जन्मठेप झाली. फौजदारी न्यायानें आपलें काम केलें.

कायद्याच्या दुसऱ्या शाखेनें मात्र निराळेंच केलें. सुनयनाबाई पतीच्या अंत्यविधीसाठीं हैदराबादेस आल्या, तेव्हां परत जाण्याचा त्यांचा हक्क पतीबरोबरच संपला होता. त्या स्वतः नोकरी करीत होत्या, कर भरीत होत्या. परंतु त्यांचें राहणें पतीच्या परवान्यावर टांगलेलें. आणि बारा वर्षें राहूनही पतीस कायम वास्तव्य कां मिळालें नव्हतें? कारण असें परवाने देतांना कोणत्याही एका देशांत जन्मलेल्यांस वर्षाला साधारण शेंकडा ७ हून अधिक देऊं नयेत, असा तेथील नियम आहे. भारतीयांची रांग त्यामुळें वर्षानुवर्षें हलत नाहीं.

कॅन्ससचे त्या वेळचे प्रतिनिधि केव्हिन योडर यांच्या खटपटीनें सुनयनाबाईंस पुढें तात्पुरता परवाना मिळाला. योडर यांचे आभारच मानले पाहिजेत. पण ही मेहेरबानी झाली, न्याय नव्हे. जिची कहाणी वर्तमानपत्रांत गाजली तिला प्रतिनिधि भेटला. जिचा पति मोटारीच्या अपघातांत किंवा हृदयविकारानें जातो, तिला कोण भेटणार? तिनें एकाच महिन्यांत अंत्यविधि, घराचें कर्ज, मुलांची शाळा आणि स्वतःची हद्दपारी यांचा निकाल लावावयाचा.

पाहुण्यानें यजमानाच्या अटी पाळाव्यात, असें कोणी म्हणेल. कबूल. पण अमेरिकन नागरिकाच्या विधवेस पतीमागें स्वतःच्या नांवें अर्ज करण्याची वाट त्याच देशानें २००९ सालीं, लग्नास दोन वर्षें झालीं असोत वा नसोत, मोकळी केली आहे. परवान्यावर राहणाऱ्याच्या विधवेसही निदान एक वर्षाची मुदत व तोंवर काम करण्याची मुभा असावी, ही मागणी दिल्ली सरकारनें वॉशिंग्टनपुढें मांडावी. आणि आपल्याकडील वधूपित्यांनीं पत्रिकेआधीं वराचे कागद मागावेत. मुलीचें शिक्षण तेथें स्वतःच्या परवान्यास पुरेल काय, बँकेंतील खात्यावर व घराच्या दस्तांत तिचें नांव असेल काय, हें साखरपुड्यापूर्वीं विचारावें. वरपक्षास राग आला तर येऊं द्यावा.