नोंदी एक, यंत्रे अनेक

पूर्वी पेढीवर दिवस मावळला, की दिवाणजी रोजमेळ लिहावयास बसत. जमा आणि खर्च यांचा मेळ बसल्याखेरीज त्यांना घरी जाण्याची घाई नसे. आज मुलांची टिपणे वहीतून संगणकात गेली आहेत, आणि मेळ बसविण्याचे हे काम तुमच्याकडे आले आहे. शाळेतील संगणकावर लिनक्स असावे, घरच्या संगणकावर विंडोज आणि आईच्या मोबाइलवर अँड्रॉइड, असे पुष्कळदा घडते. टिपण एकच, परंतु त्याच्या प्रती तीन. या प्रतींचा मेळ कोणाच्या भरवशावर राखावा?

माझे मत आरंभीच सांगतो. मेळ बसविण्याचे काम यंत्राकडे खुशाल द्यावे. टिपण जपण्याची जबाबदारी मात्र आपणच घ्यावी.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. काही वर्षांपूर्वी मी वृद्ध शेतकऱ्यांकडून बोलीतील जुने शब्द टिपून घेत असे. एका आजोबांनी विहिरीच्या काठी बसून मोटेच्या प्रत्येक भागाचे नाव मला सांगितले. मी ती नावे मोबाइलवर लिहिली. तेथे रेंज नव्हती आणि घरी पोहोचेपर्यंत मोबाइलही बंद पडला. संध्याकाळी संगणकावर तेच टिपण उघडून मी त्याला चार ओळींची प्रस्तावना जोडली. दुसऱ्या दिवशी मोबाइल सुरू होताच दोन्ही यंत्रांचा मेळ बसला, आणि मोटेची नावे नाहीशी झाली! ‘शेवटी लिहिले तेच खरे’ हा त्या प्रोग्रामचा नियम होता, आणि शेवटी लिहिलेली होती ती माझी प्रस्तावना. पुन्हा त्या गावी गेलो, तेव्हा आजोबा हयात नव्हते. नाडा, सोंदूर, थारोळे एवढे शब्द माझ्या लक्षात राहिले. बाकीचे त्यांच्याबरोबरच गेले.

प्रतींमध्ये भेद पडणे ही गोष्ट नवी नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झाली. पुढे हस्तलिखितांवरून हस्तलिखिते होत गेली आणि त्यांत पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली संत एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. सर्वांत शेवटी उतरविलेली प्रत तीच खरी, असे मानून ते मोकळे झाले नाहीत. हा विवेक यंत्राजवळ नसतो. म्हणून एकाच टिपणात दोन ठिकाणी बदल झाले, तर दोन्ही प्रती राखणारा प्रोग्राम निवडावा. ‘सिंकथिंग’ नावाचा मुक्त प्रोग्राम अशा वेळी एक प्रत वेगळ्या नावाने बाजूला ठेवतो. ती कचरा समजून पुसू नये. दोन्ही वाचाव्यात आणि मग एक करावी.

दुसरी गोष्ट टिपणाच्या रूपाची. एके काळी मराठी मजकूर एका संगणकावर नीट दिसे, आणि तो विशिष्ट फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर त्याच मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटे. प्रत्येकाने आपापल्या सोयीने अक्षरांना क्रमांक दिल्यामुळे हा घोटाळा होई. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरीलाही स्थान होते. त्या पद्धतीत ‘क’चा क्रमांक २३२५, ‘ख’चा २३२६, आणि तो सर्व यंत्रांवर तोच. म्हणून युनिकोडमधील साध्या मजकुराची फाइल कोणत्याही प्रणालीवर उघडते. नाव देतानाही थोडे भान ठेवावे. ‘पानिपत का हरलो?’ हे नाव लिनक्सला चालते; विंडोजला मात्र फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही.

कोणी म्हणेल, “एकाच कंपनीचा प्रोग्राम सगळीकडे वापरला, तर सारे आपोआप होते, मग हा खटाटोप कशाला?” ही सोय खरी आहे, आणि तीत चित्रे व आकृत्याही सहज राहतात. परंतु ज्या टिपणाची पेटी एकाच किल्लीने उघडते, त्याने किल्ली कोणाच्या हाती आहे हे विसरू नये. प्रोग्राम बंद पडला किंवा त्याचे शुल्क परवडेनासे झाले, तर आपलीच टिपणे आपल्याला परकी होतील. असा प्रोग्राम वापरायचाच असेल, तर त्यातून टिपणे साध्या रूपात बाहेर काढता येतात की नाही, हे आधी पाहावे.

शेवटी एक भेद ध्यानात ठेवा. मेळ म्हणजे जतन नव्हे. एका यंत्रावर पुसलेले टिपण मेळाच्या नियमानेच दुसऱ्या यंत्रावरूनही पुसले जाते. यास्तव आठवड्यातून एकदा सर्व टिपणांची वेगळी प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तो काढून कपाटात ठेवावा. या कामास पाच मिनिटे पुरतात.

यंत्रे जुनी होतील, प्रणाली बदलतील. परंतु एखाद्या वृद्धाने विश्वासाने सांगितलेला शब्द पुन्हा विचारता येतोच असे नाही. तो ज्याने टिपून घेतला, त्यानेच तो सांभाळला पाहिजे.