जुना संगणक मोडीत काढण्याआधी

चवथीच्या आधी घर झाडायला काढलं की माळ्यावरचा जुना संगणक खाली येतो आणि थेट भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो. डिचोली, साखळी, पेडणे, सगळीकडे हेच चालतं. माझी विनंती एवढीच आहे: काट्यावर चढवण्याआधी त्यातला प्रोसेसर काढून घ्या आणि तो संगणक कुठे, कुणाच्या कामाला होता हे कागदावर लिहून ठेवा. बाकीचं भंगार खुशाल जाऊ द्या.

गोव्यातल्या आमच्या भागात संगणक आले ते खाणींच्या हिशेबासाठी, शाळांच्या प्रयोगशाळांसाठी आणि मग घराघरांत. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या. कार्यालयं ओस पडली आणि आतलं सामान वाट फुटेल तिकडे गेलं. माझ्या संग्रहात एक ४८६ डीएक्स२ प्रोसेसर आहे, राखाडी सिरॅमिकचा, खाली १६८ सोनेरी पिना. तो एका खाणीवरच्या वजनकाट्याच्या केबिनमधला. पाठीवर अजून लाल धुळीचा डाग आहे. मी तो पुसलेला नाही, पुसणारही नाही. ट्रकामागून ट्रक मोजणारं हे यंत्र होतं, आणि तो डाग गेला तर जगात लाखांनी निघालेल्या चिपांपैकी ती एक होऊन बसेल.

शाळांची गोष्ट तर आणखी मोलाची. २००० नंतरच्या काही वर्षांत परदेशातल्या गोंयकारांच्या पुढाकाराने तिथले वापरून झालेले संगणक इथल्या शाळांसाठी आले आणि त्यांवर लिनक्स घालून मुलांना शिकवलं गेलं. २००२ मध्ये सरकारची सायबरएज योजना आली, अकरावीतल्या मुलांच्या घरी संगणक पोचले. अनेक घरांतला तो पहिलाच. ज्यांनी त्यावर पहिल्यांदा मराठी टंकलिखित केलं ती मुलं आज चाळिशीकडे आली आहेत. त्यांना आठवतंय तोवरच हे लिहून घ्यायला हवं.

काय शोधायचं? चपटा, चौकोनी, खाली पिनांचं जाळं असलेला तुकडा, बहुतेक वेळा पंख्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याखाली दडलेला. १९९३ चा पहिला पेंटियम हाताला लागला तर जपून ठेवा. ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा, तळहातात भरेल एवढा, वर सोनेरी झाकण. त्याच्या उभारणीत मोठा वाटा असलेले विनोद धाम पुण्यात जन्मले. १९९४ मध्ये याच चिपच्या भागाकारात चूक सापडली. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं की उत्तर १.३३३८ यायला हवं, सदोष चिप १.३३३७ देई. इंटेलला चिपा बदलून द्याव्या लागल्या. त्यामुळे जी सदोष चिप परत गेली नाही, ती संग्राहकाला जास्त हवीशी वाटते. सायरिक्स, एएमडी ही नावं दिसली तरी टाकू नका. सायरिक्स तर आता बाजारातूनच नाहीसं झालं आहे.

चिपवरच्या सालाला मात्र फसू नका. इंटेलच्या ३८६ वर १९८५ छापलेलं असतं, ते आराखड्याच्या हक्काचं साल. बनावटीची तारीख खालच्या लांब क्रमांकात असते: पहिलं अक्षर कारखान्याचं, दुसरा अंक वर्षाचा, पुढचे दोन आठवड्याचे. एएमडीवर ९६२३ असं सरळ लिहिलेलं सापडेल, म्हणजे १९९६ चा तेविसावा आठवडा.

काढताना घाई नको. प्लग काढा, अंगावरची स्थिर वीज घालवायला धातूच्या कॅबिनेटला हात लावा. सॉकेटच्या बाजूला दांडी असेल तर ती उभी केली की चिप आपोआप सैल होते, ओढायची नाही. जुन्या ३८६ ला दांडी नसते, तिथे चारही बाजूंनी थोडं थोडं उचलत न्यावं लागतं. पिन वाकली तर पेन-पेन्सिलची रिकामी नळी त्यावर चढवून हळूच सरळ करा. ३८६-४८६ च्या बोर्डावर पिंपासारखी छोटी बॅटरी असते, तिच्याभोवती हिरवट बुरशीसारखं दिसलं तर ती गळली आहे. हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा. एसएमपीएसचा डबा आणि जुना काचेचा मॉनिटर उघडूच नका, बंद असले तरी त्यांत वीज साठलेली असू शकते.

ठेवताना थर्मोकोल वापरू नका, त्यात स्थिर वीज तयार होते. चिपा ज्या काळ्या फोममधून येतात तो मिळाला तर उत्तम, नाहीतर पिना ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा. आपल्याकडच्या पावसाळ्यात लोखंडाच्या कपाटालाही घाम फुटतो. झाकण घट्ट बसणारा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पावसाळ्याआधी त्या बदला.

आणि सोन्याचा नाद सोडा. ‘चिपमध्ये सोनं आहे’ हे ऐकून घराच्या मागल्या दारी नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड मिसळणारे तरुण असतात. सोनं आहे हे खरं, पण एका चिपमध्ये ते मिलिग्रॅमच्या हिशेबात. त्यासाठी फुप्फुसं जाळून घ्यायची आणि उरलेलं ॲसिड विहिरीच्या जवळ ओतायचं? दिल्लीच्या सीलमपूरमध्ये हा धंदा करणाऱ्यांचे हाल साऱ्या देशाने पाहिले आहेत. डिचोलीच्या कासाराकडे जुनं भांडं मोडीत घातलं तर निदान नवी समई घडते. चिप विरघळवून हाती फारसं काही येत नाही, तिचा इतिहास तेवढा जातो.

शेवटची विनंती मुख्याध्यापकांना, पंचायत सचिवांना आणि सहकारी संस्थांच्या चिटणिसांना. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. असा कचरा नोंदणीकृत संस्थेलाच द्यायचा आहे, आणि डेड स्टॉक रजिस्टरमधून निर्लेखन झाल्याशिवाय एकही स्क्रू काढायचा नाही. पण निर्लेखनाची यादी करायला बसाल तेव्हा तिच्यात एक रकाना वाढवा: संगणक कुठून आला, कोणत्या साली, कोणत्या वर्गात किंवा टेबलावर होता. समितीच्या ठरावाने प्रत्येक प्रकारचा एकेक प्रोसेसर शाळेतच ठेवून घ्या, चिठ्ठीसकट, विज्ञान कक्षाच्या कपाटात. बाणावलीच्या गोवा चित्र संग्रहालयात नांगर आणि घाणे आज पाहायला मिळतात, कारण कोणीतरी ते वेळेवर उचलून ठेवले. हे काम तुमच्या हातात याच वर्षी आहे, कारण एकदा लिलाव झाला की ते जुने संगणक तुमच्याकडे नसतील.