शास्त्र आणि संसार : जमिनींतील विष आणि वनस्पतींचें साह्य

मातीवर आपला मोठा विश्वास आहे. घरांतील केरकचरा, शेण, उष्टें-खरकटें, वाळलीं पानें, जें जें म्हणून टाकाऊ तें तें आपण तिच्या स्वाधीन करतों आणि वर्षभरानें तिजकडून त्याचें उत्तम खत परत घेतों. पृथ्वी सर्व पोटांत घालते, हा समज या अनुभवावरच उभा आहे. आणि जीं द्रव्यें सजीवांपासून उत्पन्न झालीं त्यांच्यापुरता तो खराहि आहे. मातींतील असंख्य सूक्ष्म जंतू त्यांची फोड करून त्यांस मूळ रूपास नेतात. परंतु शिसें, कॅडमियम, पारा इत्यादि जड धातूंस हा न्याय लागू पडत नाहीं. धातू हें मूलद्रव्य. त्याची आणखी फोड व्हावयाची नाहीं. तें कुजत नाहीं, विरत नाहीं. एकदां शेताच्या वरच्या थरांत शिरलें म्हणजे नातवंडांच्या काळींहि बहुतेक तेथेंच असावयाचें. अशी बिघडलेली जमीन वनस्पतींच्या साह्यानें सुधारतां येते काय, याचा विचार या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेंतील नव्हे, हें पटण्यासाठीं जपानांतील जिंझू नदीच्या कांठची हकीकत सांगितली पाहिजे. या नदीच्या वरच्या अंगास कामिओका येथें जस्ताची व शिशाची मोठी खाण होती. जस्ताच्या खनिजाबरोबर कॅडमियम बहुधा असतेंच. तें खाणीच्या पाण्याबरोबर नदींत आलें, नदीच्या पाटांनीं खालच्या तोयामा प्रांतांतील भातशेतांत गेलें आणि तेथून तांदुळांत उतरलें. त्या खेड्यांतील स्त्रियांच्या कमरेंत व पायांत कळा येऊं लागल्या. पुढें हाडें इतकीं ठिसूळ झालीं कीं नुसत्या खोकल्यानेंहि मोडावीं. ‘इताई, इताई’ म्हणजे ‘दुखतें, दुखतें’, या त्यांच्या कण्हण्यावरूनच रोगास ‘इताई-इताई’ असें नांव पडलें. रोगी बहुतेक उतार वयाच्या व पुष्कळ बाळंतपणें झालेल्या बायका. एकाच हंडींतला भात सगळ्या घरानें खावा आणि ज्या माउलीनें तो रांधला तिनेंच तो हाडांनीं भोगावा, असा हा प्रकार होता. नोबोरू हागिनो या तेथील डॉक्टरांनीं नेटानें शोध करून खाणीकडे बोट दाखविलें. १९६८ सालीं जपान सरकारनें कॅडमियम हेंच कारण असल्याचें मान्य केलें. त्या शेतांची दुरुस्ती पुढें खोदकामानेंच करावी लागली. विषारी माती खालीं पुरून तिजवर बाहेरून आणलेली स्वच्छ माती पसरण्याचें हें काम आठशेंहून अधिक हेक्टरांवर चाललें आणि तें २०१२ सालीं संपलें. तेवढ्या अवधींत एक पिढी म्हातारी झाली.

इतका खर्च व इतका काळ कोणत्या देशास परवडेल? म्हणूनच शास्त्रज्ञांची दृष्टि वनस्पतींकडे वळली. ज्या मुळांनीं विष वर आणलें त्याच मुळांकडून तें उपसून कां घेऊं नये, असा हा साधा विचार आहे.

झाडास लोह, जस्त, मँगनीज हे धातू अल्प प्रमाणांत लागतातच. ते आंत घेण्यासाठीं मुळांच्या पेशींवर निरनिराळीं द्वारें असतात. या द्वारांवरील पहारा फारसा चोख नसतो. भातरोपाच्या ज्या द्वारानें मँगनीज आंत येतें, त्याच द्वारानें कॅडमियमहि शिरतें. सोमल हा काटेकोर अर्थानें धातू नव्हे, तथापि जमिनीच्या विषांत त्याची गणना होतेच. त्याचें एक रूप स्फुरदासारखें दिसत असल्यामुळें स्फुरदाच्या वाटेनें आंत जातें. बहुतेक झाडें असे आगंतुक धातू मुळांतच अडवून ठेवतात. थोड्या जाती मात्र ते पानांपर्यंत चढवितात आणि पेशींतील रसाच्या कोठारांत कोंडून टाकतात. त्यामुळें झाडास अपाय होत नाहीं, उलट तें पान खाणाऱ्या किड्यासच होतो.

अशा जातींचा माग फार जुना आहे. इटलींतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत काळ्या खडकांवर उगवणाऱ्या एका लहान झुडपाची नोंद चेझालपिनो या पंडितानें १५८३ सालींच केली होती. पुढें १९४८ सालीं मिंगुझ्झी व व्हेर्ग्नानो या दोघां इटालियन शास्त्रज्ञांनीं त्याच झुडपाचीं वाळलीं पानें तपासलीं, तों त्यांत वजनाच्या शेकडा सुमारें एक भाग निकल निघालें. साधारण झाडांत तें दहा लक्षांत दहा भागहि नसतें. न्यू कॅलेडोनिया बेटांतील एका वृक्षाचा चीक तर निळसर हिरवा असतो. तो वाळविला असतां त्याचा सुमारें चौथा हिस्सा निकल असतें, असें १९७६ सालीं प्रसिद्ध झालें. २००१ सालीं अमेरिकेंतील फ्लोरिडा येथें, लांकडास लावण्याच्या औषधानें बिघडलेल्या जमिनींत, टेरिस व्हिट्टाटा ही नेच्याची जात सोमल पानांत सांठविते असें दिसून आलें. हा नेचा आपणांस परका नाहीं. पावसाळ्यांत जुन्या भिंतींच्या चुन्याच्या सांध्यांतून जे लांबट पानांचे नेचे डोकें वर काढतात, त्यांत त्याची गांठ पडते.

आतां उपयोगाकडे वळूं. वनस्पतींचें साह्य तीन प्रकारांनीं घेतां येतें. पहिला प्रकार उपसण्याचा. जपानांत चोकोकोकू नांवाच्या भाताच्या जातीवर प्रयोग झाले. शेतांत पाणी सांठलेलें असतां कॅडमियम गंधकाशीं बांधलें जाऊन स्वस्थ बसतें; पाणी काढून टाकलें कीं तें मोकळें होतें. म्हणून प्रयोगकर्त्यांनीं शेत मुद्दाम कोरडें ठेवून हा भात दोन वर्षें लावला आणि पेंढ्यासकट सर्व पीक उचलून नेलें. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालांत जमिनींतील कॅडमियम शेंकडा ३८ नीं आणि पुढील खाण्याच्या भाताच्या दाण्यांतील शेंकडा ४७ नीं उतरल्याचें दाखविलें आहे. दुसरा प्रकार जागच्या जागीं बांधून ठेवण्याचा. खाणींच्या उघड्या ढिगांवर वाळा लावतात. त्याचीं मुळें खोल जाऊन माती घट्ट धरतात, धातू बहुतांशीं मुळांतच राहतो, आणि विषारी धूळ वाऱ्यानें किंवा पाण्यानें गांवांत येण्याचें पुष्कळ कमी होतें. तिसरा प्रकार विष न घेणारें पीक काढण्याचा. जपानी शास्त्रज्ञांनीं कोशिहिकारी या आवडत्या तांदुळाच्या बियाण्यावर किरणांचा मारा करून, मँगनीजचें तें द्वारच बिघडलेलें रोप निवडलें. २०१२ सालीं जाहीर झालेल्या या जातीच्या दाण्यांत कॅडमियम जवळजवळ उतरत नाहीं.

एवढें ऐकून कोणाचाहि उत्साह वाढेल. म्हणून लगेच हिशेबहि मांडला पाहिजे. एक एकर जमिनीच्या वरच्या अर्ध्या फुटाच्या मातीचें वजन सुमारें आठ लक्ष किलो भरतें. तींत दहा लक्ष भागांस एक भाग कॅडमियम जादा असेल, तर काढावयाचें ओझें झालें आठशें ग्रॅम. तें कांहीं वर्षांत आटोक्यांत येण्याजोगें आहे. पण शिसें पांचशें भाग जादा असेल, तर ओझें झालें चारशें किलो. वर्षास चार हजार किलो वाळलेलें पीक निघालें आणि त्यांत हजार भाग शिसें आलें, असें उदारपणें धरलें, तरी वर्षास चारच किलो निघणार. म्हणजे शंभर वर्षें हवींत. शिवाय शिसें मातीस इतकें चिकटून बसतें कीं झाड तें सहसा घेतच नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत ईडीटीए नांवाचें रसायन ओतून तें सुटें करण्याची युक्ति निघाली. आपल्या फोडणींतल्या मोहरीच्या रोपांनीं मग तें भराभर वर घेतलें, आणि मोठी वाहवा झाली. परंतु रोपांनीं न घेतलेलें सुटें शिसें पावसाबरोबर खालीं विहिरींच्या झऱ्यांकडे जाऊं लागतें, हें ध्यानांत येतांच ती युक्ति मागें पडली. फुकुशिमा येथील २०११ च्या अपघातानंतर सूर्यफुलें लावून जमिनींतील किरणोत्सर्गी सीझियम काढण्याचा प्रयत्न झाला. त्याचाहि परिणाम नगण्य ठरला. जमीन कोणती, विष कोणतें, झाड कोणतें, या तिहींचा मेळ बसल्याखेरीज हें औषध लागू पडत नाहीं.

शिवाय उपसलेलें पीक टाकावयाचें कोठें? तें गुरांस घालतां येत नाहीं, खतांत मिसळतां येत नाहीं. तें बंदोबस्तानें जाळून राख सांभाळावी लागते. निकलच्या बाबतींत मात्र ही राखच धन आहे. आल्बानियांत अशीं झुडपें पिकवून एका हेक्टरांत सुमारें शंभर किलो निकल मिळविल्याचे प्रयोग झाले आहेत.

आतां आपल्या घरापुरतें पाहूं. ‘आमच्या परसांत आजेसासूबाईंपासून मोरीच्या पाण्यावर अळू आहे, कोणास कांहीं झालें नाहीं,’ असें वडील मंडळी म्हणतील, आणि त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. पण अळू तोच राहिला तरी पाणी तें राहिलें नाहीं. घरच्या मोरीचें पाणी निराळें आणि कारखान्यांचा निचरा मिसळलेल्या गांवच्या नाल्याचें निराळें. पालेभाज्या व कंद हे धातू अधिक घेतात. भेंडी, वांगीं, टोमॅटो यांसारखीं फळें त्या मानानें कमी. तेव्हां नाल्याकांठचा अळू आणि पालक वर्ज्य करावा, हें बरें. पेट्रोलमधील शिसें आपल्या देशांत २००० सालीं बंद झालें, आणि रंगांत शिसें दहा लक्षांत नव्वद भागांहून अधिक नसावें हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरांत अंमलांत आला; परंतु जुन्या वाड्याच्या खिडक्यांचे रंग खरवडून पायथ्याशीं पडलेली माती अजून तेथेंच आहे. तेथें भाजी लावूं नये. गवत लावून जमीन झांकावी, आणि अंगणांत खेळून आलेल्या मुलांचे हात जेवणापूर्वीं धुवावे. शंका असेल तेथें माती तपासून घ्यावी. जमीन आंबट असेल तर चुना, आणि एरवीं भरपूर कुजलेलें खत, यांनीं कॅडमियम बरेंच बांधलें जातें. नदींतील जलपर्णीहि धातू शोषते; म्हणून मैल्या नदींतून काढलेल्या जलपर्णीचें खत भाजीच्या वाफ्यांस घालूं नये. उन्हाळ्यांत माठांत टाकण्याचा वाळाहि कोणत्या जमिनींतला, याची चौकशी करण्यास हरकत नाहीं; कारण जो गुण त्यास खाणीच्या ढिगावर उपकारक करतो, तोच माठांत नको आहे.

वनस्पति हे वैद्य खरे. पण त्यांचें औषध फार सावकाश लागूं पडतें आणि प्रत्येक रोगास तें चालत नाहीं. जिंझूकांठच्या शेतांत आज पुनः भात पिकतो, परंतु तेथील बायकांचीं मोडलेलीं हाडें कोणत्याहि रोपानें सांधलीं नाहींत. म्हणून आमच्या वाचकांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, निकामी बॅटऱ्या, जुने रंग, फुटलेले पाऱ्याचे तापमापक हीं खताच्या खड्ड्यांत किंवा परसाच्या कोपऱ्यांत टाकूं नयेत; तीं वेगळीं ठेवून, गांवांत जेथें घेण्याची सोय असेल तेथें द्यावीं. माती पुष्कळ पचविते. हें मात्र तिला पचत नाहीं.