कालव्याकाठची वाट मोटारींना देऊ नका!

खडकवासल्याचे पाणी फुरसुंगीपर्यंत बोगद्यातून नेण्याची योजना सरकारने आखली आहे. उघड्या कालव्यातून होणारी गळती, चोरी आणि घाण टळावी, हा तिचा हेतू असून त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटली आणि गोरगरिबांचे संसार पाण्यात गेले, ते दृश्य पुणेकर विसरलेले नाहीत. बोगदा अवश्य व्हावा. परंतु तो झाल्यावर शहरातील कालव्याची जी लांबलचक जमीन मोकळी होईल, तिचे काय? आणि फुरसुंगीच्या पुढे मुळामुठेच्या खोऱ्यातून लोणी, उरुळी कांचन, यवत या बाजूने जो कालवा उघडाच वाहत राहील, त्याच्या काठच्या मुरुमी वाटेचे काय? मोकळी जागा दिसली की तीवर मोटाररस्ता सुचवावयाचा ही आपली रीत पाहता, उद्या कोणता आग्रह धरला जाईल हे सांगण्यास ज्योतिषी नको. म्हणूनच आमचे मत आम्ही आजच मांडतो. ही वाट मुरुमाचीच राहावी, पादचाऱ्यांची व सायकलस्वारांची राहावी आणि परक्या मोटारीस तेथे मज्जाव असावा.

कालव्याकाठच्या वाटेचे एक वैशिष्ट्य नकाशावर बोट ठेवून कळत नाही; ते पायांना कळते. पाण्याला चढ चढता येत नाही. त्यामुळे कालवा आखणाऱ्या इंजिनियरास टेकडीला वळसा घालीत, खोलगट भाग टाळीत, बेताचा उतार राखीत पुढे जावे लागते. त्याने पाण्यासाठी शोधलेली ही सौम्य रेषा सायकलस्वारास आयती मिळते. देखरेखीसाठी ठेवलेली वाट सरकारच्या ताब्यात असते. तिच्यासाठी नव्याने जमीन घ्यावी लागत नाही, घाट फोडावा लागत नाही, पूल बांधण्याचे कामही क्वचितच पडते. एवढे तयार भांडवल हाती असताना ते डांबराखाली गाडणे याला आम्ही विकास म्हणू शकत नाही.

हाच प्रश्न सत्तर वर्षांपूर्वी दुसऱ्या एका नदीच्या खोऱ्यात उपस्थित झाला होता. त्याचा निकाल कसा लागला, हे आमच्या वाचकांनी, विशेषतः आमच्या व्यवसायबंधूंनी, समजून घेण्याजोगे आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनपासून पोटोमॅक नदीच्या काठाने कंबरलंडपर्यंत सुमारे २९७ किलोमीटर लांबीचा चेसापीक व ओहायो कालवा आहे. ४ जुलै १८२८ रोजी त्याची पहिली कुदळ मारली गेली. त्याच दिवशी बाल्टिमोर येथे त्याच्या प्रतिस्पर्धी लोहमार्गाचाही आरंभ झाला. लोहमार्ग १८४२ मध्ये कंबरलंडला पोहोचला, कालव्यास तेथे पोहोचावयास १८५० साल उजाडले. कोळशाने भरलेल्या नावा दोर लावून ओढणारी खेचरे ज्या वाटेने चालत, ती काठाची वाट त्याच्याबरोबर घडली. १९२४ च्या पुरानंतर कालव्याची वाहतूक कायमची थांबली आणि १९३८ मध्ये सरकारने ती मालमत्ता विकत घेतली. कालवा बंद पडला, खेचरे गेली, वाट मात्र राहिली.

या कालव्याच्या जागेवर मोटारींसाठी प्रशस्त मार्ग बांधावा अशी योजना पुढे आली आणि जानेवारी १९५४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकाने अग्रलेख लिहून तिला पाठिंबा दिला. हेतू वाईट नव्हता. अधिक लोकांना नदीचे सौंदर्य पाहता यावे, असा युक्तिवाद होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांना तो पटला नाही. त्यांनी त्याच पत्रास जाहीर पत्र लिहून संपादकास आव्हान दिले की, माझ्याबरोबर या वाटेने पायी चला आणि मग मत बनवा. संपादकांनी ते स्वीकारले. २० मार्च रोजी कंबरलंडहून मंडळी निघाली. वाटेत पाऊस लागला, थंडी लागली, पायांना फोड आले. आठ दिवसांनी वॉशिंग्टनपर्यंतचे सर्व अंतर पायी तोडून पोहोचलेल्यांची संख्या अवघी ९ होती आणि त्यांत ५५ वर्षांचे न्यायमूर्ती होते. पूर्ण अंतर संपादकांच्याने चालवले नाही. परंतु जेवढे चालले तेवढे पुरेसे ठरले. त्या पत्राने आपली मूळ भूमिका बहुतांशी मागे घेतली. पुढे १९७१ मध्ये कायदा होऊन सबंध कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून सुरक्षित झाला.

आज त्या माती-खडीच्या वाटेवर मोटार फिरकत नाही. ठरावीक अंतरावर पाण्याचा पंप, शौचकूप आणि तंबू ठोकण्यापुरती जागा एवढीच काय ती सोय. कंबरलंडपासून पुढे पिट्सबर्गपर्यंत बंद पडलेल्या लोहमार्गांच्या भरावावर बारीक चुनखडी पसरून केलेली सुमारे २४० किलोमीटरांची वाट २०१३ मध्ये पूर्ण झाली. दोन्ही मिळून पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतर सायकलस्वार मोटारीच्या भोंग्यावाचून जाऊ शकतो आणि वाटेवरच्या लहान गावांतील खानावळींना, मुक्कामाच्या जागांना व सायकल-दुरुस्तीच्या दुकानांना गिऱ्हाईक मिळते. हे सारे घडले, कारण अग्रलेख लिहिणाऱ्यांनी एकदा खुर्ची सोडली.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाला असले छंद परवडतात. आम्हांस काय त्याचे, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. तेथे ती वाट मुख्यतः विरंगुळ्याची आहे. येथे ती गरजेची आहे. कालव्यालगतच्या गावांतील शाळकरी मुलगी, दूध घालावयास निघालेला गवळी, दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाणारी बाई यांना आज सोलापूर महामार्गाचा नाही तर त्याला मिळणाऱ्या अरुंद रस्त्यांचा आश्रय करावा लागतो. गळिताच्या हंगामात उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर त्या रस्त्यांवरून धावतात, तेव्हा सायकलवरच्या मुलीने जावे कोठून? राज्यातील मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाखाली सरकार शाळकरी मुलींना सायकली देते, ही स्तुत्य गोष्ट आहे. परंतु सायकल देणाऱ्या सरकारने वाटही दिली पाहिजे. निर्भय वाट नसेल, तर मुलीला मिळालेली सायकल ओसरीला टेकून राहते आणि मुलीची शाळाही तिच्याबरोबर थांबते.

या सूचनेवरचे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पावसाळ्यात मुरुमाचा चिखल होतो, हे खरे. त्यावर उपाय नीट निचरा, खडीचा थर व रोलर हा आहे, डांबर हा नव्हे. डांबरी रस्ता म्हणजे मोटारीस धाडलेले आमंत्रणपत्र होय. कालव्यात पडून जीव जाण्याचे भय आहे, तेही खरे. वळणांवर आणि गावांजवळ कठडे घातलेच पाहिजेत, आणि ते वाट असो वा नसो, घातले पाहिजेत. शेतकऱ्याचे काय, हा प्रश्न सर्वांत न्याय्य आहे. ज्याचे शेत कालव्यास लागून आहे त्याची बैलगाडी व ट्रॅक्टर यांस मुभा असलीच पाहिजे. तो त्या वाटेचा जुना हक्कदार आहे. आमचा विरोध आहे तो महामार्गावरची गर्दी चुकविण्यासाठी या वाटेवर घुसणाऱ्या परक्या वाहनास. शहरात काठाला राहणाऱ्या कष्टकऱ्यांना हुसकावून सुखवस्तूंच्या फेरफटक्याची सोय करावी, असेही आम्ही म्हणत नाही. तेथे ज्यांची घरे आहेत त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न आधी सुटला पाहिजे. वाट त्यांच्या मुलांचीही आहे.

आमच्या मागण्या थोड्या व स्वस्त आहेत. मोकळ्या होणाऱ्या जमिनीवर मोटाररस्ता होणार नाही, असे सरकारने बोगद्याचे काम पुरे होण्यापूर्वी जाहीर करावे. फुरसुंगीपासून यवतपर्यंतची वाट जलसंपदा खात्याने दुरुस्त करून सायकलींसाठी रीतसर खुली करावी. तोंडाशी असे फाटक बसवावे की सायकल जाईल, मोटार अडेल, आणि किल्ली खात्याकडे व लगतच्या शेतकऱ्यांकडे राहील. जागोजागी पिण्याच्या पाण्याची, सावलीची आणि स्वच्छतागृहाची सोय ग्रामपंचायतींच्या साहाय्याने करावी. वाट पुरी झाली की थेऊरच्या चिंतामणीस, उरुळी कांचनच्या आश्रमास किंवा यवतजवळच्या भुलेश्वरास जावयास निघालेला पुणेकर महामार्गाचा बराचसा धोका टाळू शकेल. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते, असे आपण अभिमानाने सांगतो. तो अभिमान केवळ आठवणीपुरता उरला आहे, कारण सायकलीची जागा आपण तसूतसूने मोटारीस दिली. शहरातील रस्त्यावर झालेली ही चूक कालव्याकाठी पुन्हा करण्याचे कारण नाही.

न्यायमूर्ती डग्लस यांनी संपादकास आव्हान दिले होते. आम्ही संपादकाच्या खुर्चीतूनच लिहीत आहो, म्हणून आव्हान नव्हे, आमंत्रण देतो. जलसंपदा खात्याचे अभियंते, महापालिकेचे अधिकारी आणि या खोऱ्यातील लोकप्रतिनिधी यांनी एक दिवस सवडीने फुरसुंगीहून सायकलीवर निघून कालव्याच्या काठाने उरुळी कांचनपर्यंत आमच्याबरोबर यावे. परतीचा प्रवास शाळा सुटण्याच्या वेळी, महामार्गाने, त्याच सायकलीवर करावा. त्यानंतर त्यांनी जो निर्णय घ्यावा, तो ऐकण्याची आमची तयारी आहे.