सत्ताविसाव्या चौकोनातला निकाल

सैन्य ही काही धर्मशाळा नव्हे, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, हे सैन्यानंच ठरवावं. भांडण आहे ते पुढच्या वाक्याशी: वैद्यकीय कारणानं एकदा घरी पाठवलेल्यानं पुनर्भरतीचा कोड बदलून मागू नये, आणि मागून उपयोगही नाही. अमेरिकी सैन्याबाबत हे मत असं ठोकून दिलं जातं, की जणू प्रश्नच मिटला. तिथे ग्रीन कार्डावरही भरती होता येतं, तेव्हा न्यू जर्सीतल्या मराठी घरांनाही हा विषय परका मानायचं कारण नाही.

सेवेतून बाहेर पडणाऱ्याच्या हाती ‘डीडी-२१४’ नावाचा कागद पडतो. त्याच्या पूर्ण प्रतीत २६व्या चौकोनात सेवामुक्तीच्या कारणाचा कोड, २८व्यात तेच कारण शब्दांत, आणि मधल्या २७व्यात पुन्हा घेण्याविषयीचा शेरा, म्हणजेच पुनर्भरतीचा कोड. लष्करात आरई-१ असेल तर वाट मोकळी. आरई-३ असेल तर अडथळा आहे, पण सूट मिळू शकते. आरई-४ असेल तर सूटही नाही. नौदलात शारीरिक अपंगत्वासाठी आरई-३पी, हवाई दलात वैद्यकीय कारणानं गेलेल्यांना २क्यू. प्रत्येक दलाची बाराखडी वेगळी.

पूर्वपक्षाचा पहिला आधार असा की हा शेरा डॉक्टरांच्या निदानावर उभा आहे, म्हणून त्यावर वाद नको. पण ते निदान होतं कसं? एक नमुना डोळ्यांपुढे आणा. प्रशिक्षणाचा पाचवा आठवडा. अख्खी बरॅक खोकतेय. एकोणीस वर्षांचा पोरगा धावताना मागे पडतो, दवाखान्यात जातो, हातात इनहेलर मिळतो आणि कागदावर ‘दमा’ लिहिला जातो. तेराव्या वाढदिवसानंतर दम्याचा इतिहास असेल तर भरतीच्या निकषांत तो बसत नाही. निकषात न बसणारं दुखणं पहिल्या १८० दिवसांत सापडलं, की ते भरतीआधीचंच होतं असं ठरवून लष्कराचं वैद्यकीय मंडळ घरी पाठवू शकतं. मंडळाच्या ४७०७ क्रमांकाच्या फॉर्मवर असहमतीचा रकाना असतो, सेवेत ठेवा असं मागण्याचाही असतो. पण घरी जाणाऱ्यांच्या वेगळ्या खोलीत दिवस ढकलणाऱ्या पोराला कोणीतरी सांगतं, सही केलीस तर लवकर सुटशील, अडून बसलास तर इथेच कुजशील. तो सही करतो. पुढे घरी आल्यावर श्वसनतज्ज्ञ मेथाकोलीनची चाचणी घेतो आणि फुप्फुसं ठणठणीत निघतात. घाईत लिहिलेल्या एका शब्दाला शास्त्राचा मान द्यायचा आणि नंतरच्या रीतसर चाचणीला हट्ट म्हणायचं, हा कुठला न्याय?

दुसरा आधार वरवर समजूतदार दिसतो. आरई-३ला सूट आहे ना, मग कोड कशाला बदलायचा? सूट आहे हे खरं, आणि अनेकांचं काम तेवढ्यावर भागतंही. पण ती मागायची रिक्रूटरमार्फत, आणि त्याच्या टेबलावर त्या महिन्याचं उद्दिष्ट असतं. ज्याच्या फायलीत काही खळखळ नाही असा उमेदवार समोर असताना तो तुमची जाड फाईल कशाला पुढे सरकवेल? २०२२ साली अमेरिकी लष्कराला साठ हजारांच्या उद्दिष्टापुढे सुमारे पंधरा हजार माणसं कमी पडली. अशा वर्षी सूट सैल होते, भरती जोरात असली की आवळते. तुमची फुप्फुसं दोन्ही वर्षी तीच असतात. शिवाय सूट मिळाली तरी जुना शेरा जिथल्या तिथेच राहतो.

तिसरा आधार म्हणजे ‘बोर्ड ऐकतच नाही’ ही ओरड. हिच्यात तथ्य आहे, पण अर्धं. सेवामुक्तीचा फेरविचार करणारं मंडळ पंधरा वर्षांपर्यंत अर्ज घेतं, मात्र अपंगत्वाचं कारण काढणं किंवा घालणं त्याच्या हाती नाही. ते काम नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाचं. लोकांच्या एकेका तक्रारीवर खासगी विधेयकं मांडून काँग्रेस कंटाळली, तेव्हा १९४६च्या कायद्यानं ही नागरी सदस्यांची मंडळं आली. १४९ क्रमांकाचा फॉर्म, चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत (न्यायासाठी ती शिथिल होऊ शकते), आणि दोनच कारणं: चूक किंवा अन्याय. सरकारी दफ्तर बरोबरच आहे असं धरून मंडळ सुरुवात करतं, ते खोटं पाडण्याचा भार अर्जदारावर. प्रत्यक्ष सुनावणी हा हक्क नाही. बहुतेक निकाल कागदावरच लागतात.

अर्ज फसतात ते इथे. ‘मी आता बरा आहे, मला घ्या’ असं लिहिलेला अर्ज कितीही तळमळीचा असला तरी मंडळाच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. मंडळ विचारतं, त्या दिवशी चूक झाली होती का? म्हणून आजच्या चाचणीसोबत डॉक्टरांचं असं पत्र लागतं की तेव्हाची लक्षणं साध्या संसर्गाची होती, दम्याची खात्री करणारी चाचणी तेव्हा झालीच नव्हती. सेवेतले दवाखान्याचे मूळ कागद मागवून ते जोडावे लागतात. हे न करता हरलेल्यांच्या संख्येवरून मागणीच निरर्थक ठरवणं हा तर्क नव्हे.

राहिला शेवटचा बागुलबुवा: कोड सैल केले तर शिस्त बुडेल. १९७४ साली पेंटॅगॉननं कारणाचे आकडे माणसाच्या हाती जाणाऱ्या प्रतीवर छापणं थांबवलं, कारण त्या आकड्यांचे अर्थ नोकरी देणाऱ्यांपर्यंत पोचले होते. सैन्य बुडालं नाही. जानेवारी २०२५मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं, कोविडची लस नाकारल्यामुळे काढलेल्या आठ हजारांहून अधिक जणांना जुन्या हुद्द्यासह परतीचं दार उघडलं, थकीत पगाराच्या आश्वासनासकट. ते प्रकरण वेगळं, त्यातलं राजकारणही वेगळं. पण कोड दगडावर कोरलेला नसतो, एवढं तर तिथेच दिसलं. वजन असलेल्यांसाठी तो पुसता येतो, मग चुकीच्या निदानाचा बळी ठरलेल्यानं का मागू नये?

माझं म्हणणं एवढंच आहे. वैद्यकीय कारणाच्या कोडला मुदत असावी. ठरावीक काळ लोटला की निर्णय भरती केंद्रावरच्या त्या दिवसाच्या तपासणीनं व्हावा. २०२२पासून भरतीच्या डॉक्टरांना ‘एमएचएस जेनेसिस’ या प्रणालीतून उमेदवाराचा वैद्यकीय इतिहास पडद्यावर पाहता येतो, त्यामुळे लपवाछपवीची जुनी भीतीही पातळ झाली आहे. जुनं निदान, नवी चाचणी, सगळं समोर ठेवून त्यांनी स्टेथोस्कोप लावावा. तिथे फुप्फुसं कमी पडली तर खुशाल परत पाठवावं. त्या नकाराविरुद्ध मी एक ओळही लिहिणार नाही.