विश्लेषण : इटलीचे नागरिकत्व रक्ताला स्वस्त, घामाला महाग?

उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात ग्राना पादानो, पार्मिजानो हे जगप्रसिद्ध चीज तयार होते. त्यासाठी लागणारे दूध ज्या गोठ्यांतून येते, तिथे राबणाऱ्यांत पंजाबातून गेलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यापैकी कुणाला इटलीचे नागरिक व्हायचे असेल, तर १९९२ च्या कायदा क्रमांक ९१ नुसार सलग दहा वर्षांचे कायदेशीर वास्तव्य लागते. युरोपीय संघातील देशांच्या नागरिकांना चार वर्षे पुरतात. १९१२ च्या जुन्या कायद्यात ही अट सरसकट पाच वर्षांची होती, म्हणजे काळ पुढे गेला आणि दार आणखी अरुंद झाले.

कागदावरची दहा वर्षे प्रत्यक्षात तेवढ्यावर थांबत नाहीत. वास्तव्य मोजले जाते ते नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीवरून. घरमालकाने नाव नोंदवू दिले नाही किंवा मध्ये खंड पडला, की मोजणी बिघडते. त्यात तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा, मायदेशातील जन्मदाखला व पोलिसांचा दाखला, त्यांची भाषांतरे आणि २०१८ पासून इटालियन भाषेची ‘बी १’ पातळी. निर्णयाला २४ महिने, ते ३६ पर्यंत वाढू शकतात. गोठ्यात पहाटेपासून उभ्या असलेल्या माणसाने भाषेचा वर्ग कधी गाठायचा, हे कायदा सांगत नाही.

याच देशाने मार्च २०२५ पर्यंत वंशाच्या दाव्याला पिढ्यांची मर्यादाच ठेवली नव्हती. खापरपणजोबा इटालियन असल्याचे सिद्ध झाले, की इटली कधी न पाहिलेला, भाषा न येणारा अर्जेंटिना किंवा ब्राझीलचा माणूस पात्र ठरे. २८ मार्च २०२५ च्या अध्यादेशाने, आणि मे महिन्यात झालेल्या कायद्याने, हा हक्क साधारणपणे आई-वडील व आजी-आजोबांपर्यंत आणला. ते योग्यच झाले. पण नातेसंबंध खरा हवा, हा त्यामागचा युक्तिवाद तिथेच राहणाऱ्यांना मात्र लागू केला गेला नाही.

तशी संधी ८ व ९ जून २०२५ च्या सार्वमताने आली होती. दहाऐवजी पाच वर्षे, एवढाच प्रश्न. मतदान सुमारे ३० टक्के झाले आणि ५० टक्क्यांच्या अटीअभावी कौल बाद ठरला. मतदान केलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के बदलाच्या बाजूने होते. पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी मतदान केंद्रावर गेल्या, पण त्यांनी मतपत्रिका घेतली नाही. कायद्याला ते मान्य असले, तरी प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी प्रश्नच निकामी करण्याची ही रीत होती. फ्रान्समध्ये पाच वर्षे आहेत. जर्मनीनेही २०२४ मध्ये आठवरून पाचच केली.

सर्वाधिक झळ मुलांना. इटलीत जन्मलेले, तिथल्याच शाळेत शिकलेले परदेशी दाम्पत्याचे मूल जन्मापासून सलग तिथे राहिले असेल, तरच अठराव्या वर्षी नागरिकत्व मागू शकते. त्यासाठी मुदत एका वर्षाची. ती हुकली, की हा थेट हक्क गेला.

भारतीयांची अडचण आणखी एक. इटलीला दुहेरी नागरिकत्व चालते, भारताला नाही. शपथ घेतली, की भारतीय पारपत्र परत करावे लागते. त्यानंतर ओसीआय कार्ड मिळू शकते. पण त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. पोर्तुगीज पारपत्रामुळे गोव्यातील अनेक घरांना हा हिशेब ठाऊक आहे. फरक इतकाच, की गोवेकराला तो आजोबांच्या कागदांवर मिळतो. गावाकडे चार एकर घ्यायचे म्हणून परदेशी गेलेल्या कामगाराला मात्र दहा-बारा वर्षे थांबून, नेमके तेच सोडून सही करावी लागते.